बांधावर सांडलेली आंबील

येळवशीच्या दिवशी शिवारातल्या कुठल्याही कोपीकडं बघा, तिचं तोंड उगवतीला असतं. वाघोल्यांच्या बारा एकरांत मात्र कोपी दोन, आणि बावीस वर्षं दोघींची पाठ एकमेकींकडं. बांधाच्या अलीकडची सत्यभामाबाईची, तिचं तोंड उगवतीला. पलीकडची तिच्या धाकट्या दिराची, बजरंगाची, तिचं तोंड मावळतीला. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून वर शाल पांघरलेल्या त्या एका दिवसाच्या झोपड्या, पण त्यांनाही मालकांसारखाच ताठा आला होता.

मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे आमच्याकडची खरी दिवाळी. त्या दिवशी गावात कुत्रं सुद्धा थांबत नाही. सगळं गाव रानात. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यापुढं बाजरीचे उंडे, हिरव्या तुरीची नि वाटाण्याची भज्जी, गव्हाची खीर आणि सगळ्यांत मानाची आंबील. ताकात जोंधळ्याचं पीठ आंबवून केलेली ती पांढरीशुभ्र आंबील आधी पांडवांभोवती शिंपडायची, मग माणसांनी प्यायची. आणि बांधावरून जाणाऱ्याला, तो ओळखीचा असो नसो, "या जेवायला" म्हणून हाक मारायची. हाक न मारणारा मनुष्य येळवशीला मनुष्यात जमा नाही.

सत्यभामाबाई सकाळपासून हाका मारत होती. रस्त्यानं जाणारे मोटारसायकलवाले, नळदुर्गकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर, कुणालाच सोडलं नाही. फक्त बांधाकडं तोंड करून तिची हाक जात नव्हती.

"आई, तिकडं लई माणूस जमलंय," तिचा मुलगा कृष्णराज म्हणाला. छत्तिशीचा बाप्या, पण आईपुढं अजून आवाज खाली ठेवून बोलायचा.

"जमू दे की. पोरगी फौजदार झाली त्याची. माणूस जमंल न्हाय तर काय चिमन्या जमतील?"

हर्षाली, बजरंगाची एकुलती एक पोर, आठ दिवसांपूर्वी फौजदाराची परीक्षा पास झाली होती. सगळ्या पंचक्रोशीत पहिली बाई फौजदार. आज तिच्या कौतुकाला साठेक पाहुणे पलीकडच्या कोपीवर जेवायला येणार होते, शाळेचे गुरुजी, तेर गावचे आजोळचे लोक, सगळे.

"म्या जाऊन यिऊ?" कृष्णराजनं विचारलं.

"जा. म्या काय तुजं पाय बांधलेत? भांडान माजं हाय. तुजं न्हाय, पोरीचं तर न्हाईच न्हाय."

हे मात्र खरं होतं. दोन वर्षं हर्षाली पहाटे ह्याच बांधावरून पळायचा सराव करत होती, आणि दोन वर्षं बांधावरच्या बाभळीच्या बेचक्यात भिजवलेल्या शेंगदाण्याची नि गुळाची वाटी कुणीतरी ठेवत होतं. कोण ठेवतं ते सगळ्यांना माहीत होतं. बजरंगालाही. तो वाटीकडं बघायचा नि मान फिरवायचा.

"मग तू बी चल की," कृष्णराज चाचरत म्हणाला. "पोरीसाठी."

सत्यभामाबाईनं आंबिलीच्या मडक्यात पळी घालून ढवळलं. "म्या काय बोललेय ते तुला ठावं हाय."

ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या दहाव्याला, नदीच्या काठावर सगळ्या गावादेखत ती बोलली होती, "ह्या मानसाच्या तोंडाला माज्या हातचं अन्न लागनार न्हाय." आणि सत्यभामाबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिचा नवरा दगडोबा हसून म्हणायचा, नाव माझं दगडोबा, पण दगड आमच्याकडं वेगळाच आहे.

*

सिताबाईला उशीर झाला होता. बजरंगाची बायको ती. साठ माणसांचा स्वयंपाक एकटीनं उपसून, डोक्यावर आंबिलीचं मोठं मडकं घेऊन ती शेवटच्या खेपेला बांधावरून येत होती. आदल्या दिवशी बजरंगानं हरभऱ्याला पाणी सोडलेलं, ते पाझरून बांध निसरडा झाला होता. पाहुण्यांच्या गर्दीत तिला आपले तेरचे भाऊ दिसले, ती हसली, आणि तेवढ्यात पाय सटकला.

मडकं फुटल्याचा आवाज दोन्ही कोपींत गेला.

सिताबाई बांधावर बसलेली, भोवती खापऱ्या, आणि पांढरी आंबील दोन्ही अंगांनी ओघळत होती. थोडी बजरंगाच्या हरभऱ्यात, थोडी सत्यभामाबाईच्या जोंधळ्यात. तिला गुडघ्याचं दुखणं कळलंच नाही. साठ माणसं, पांडवांची पूजा राहिलेली आणि आंबील मातीत. चार दिवस आंबवलेली गोष्ट, आता तासाभरात कुठून आणायची?

"आगं, बघून चालावं की!" बजरंग धावत आला. रागानं की काळजीनं, ते त्याचं त्यालाच कळलं नसावं. "ऱ्हाऊ दे. शेजारच्या रानातनं घागरभर आनतो."

"आनशील रं," मागून म्हातारा बलभीम काठी टेकत आला. वाघोल्यांच्या भावकीतला सगळ्यांत जुना माणूस, ऐंशीला टेकलेला, पण जिभेला अजून धार. "पर तुज्या आयनं काय सांगून ठिवलंय? वाघोल्याच्या रानाला ह्याच रानातल्या जोंधळ्याची आंबील. परक्या मडक्यातली चालत न्हाय. दुस्काळात बी तिनं सूपभर जोंधळा ह्याच्यासाठी बाजूला ठिवला व्हता."

"आप्पा, आता येळ काय, आन तुमी..."

"म्या काय? ह्या रानातल्या जोंधळ्याचं दुसरं मडकं तितं हाय." बलभीमानं काठी उचलून बांधापलीकडं दाखवली. "वीस पावलं बी न्हाईत."

बजरंगानं मान फिरवली. सिताबाई मात्र उठली. पदर सारखा केला आणि बांध उतरून थेट सत्यभामाबाईच्या कोपीसमोर जाऊन उभी राहिली. बावीस वर्षांत ती पहिल्यांदाच तिथं आली होती.

"आक्का, मडकं फुटलं."

"बगितलं म्या." सत्यभामाबाईची नजर तिच्या गुडघ्यावर गेली. "लागलं न्हवं? हळद लाव आधी. आरं कृष्णा, हळदीचा डबा आन."

सिताबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रागावली असती तर सोसलं असतं. हळदीनं ती पार मोडली.

"आक्का, आंबील द्या. पांडव बसून हायेत. पोरीचा दिवस हाय."

"मडकं भरून हाय. तुला देते, हर्षालीला देते, समद्या पावन्यांना पुरंल." सत्यभामाबाई थांबली. "पर ती त्याच्या बी तोंडाला लागनार. तितं माजा सबूद हाय. त्या दिशी त्यानं चार मानसांत तोंड उगडलं व्हतं, तसंच आज उगडावं. यिऊन माग म्हनावं. तुजी काय चूक न्हाय, सिता. तू कशापाय खाली बघतीस?"

पण सिताबाई खालीच बघत होती. तिची चूक काय, ते तिला एकवीस वर्षांपासून ठाऊक होतं, आणि ते इथं कुणाला माहीत नाही असं ती धरून चालली होती.

*

"म्या जानार न्हाय," बजरंग म्हणाला.

पाहुणे हरभऱ्याचे डहाळे सोलत, काही ऐकू येत नसल्यासारखं करत होते. असं करताना माणसाचे कान किती टवकारलेले असतात ते बघण्यासारखं असतं.

बजरंगाचा राग साधा नव्हता. सत्यभामा सोळाव्या वर्षी ह्या घरात नांदायला आली तेव्हा तो सात वर्षांचा होता, आईविना. वहिनीनं त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, त्याच्या तापात रात्री जागवल्या. म्हणूनच तर तो दिवस त्याला गिळता येत नव्हता. तेरला त्याची नि सिताबाईची सुपारी फुटली, कपाळाला टिळा, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन तो संध्याकाळी घरी आला, तर दारात माणसं आणि अंगणात दगडोबा आण्णाची तिरडी. दुपारीच गेला होता. भावाच्या तोंडात पाणी घालायलाही बजरंग नव्हता. तेरच्या किराणा दुकानात फोन होता, नंबर घरात भिंतीवर लिहिलेला होता, आणि वहिनीनं फोन केला नव्हता.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी कंटाळले, सगळ्यांनी नवस बोलून झाले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हा बजरंग फुटला होता, "कसा शिवंल? वैनीनं मला आण्णाला भेटू दिलं न्हाय. आण्णाच्या आदी हिला सातबारा दिसला!"

तो शब्द तोंडातून गेला आणि परत घेता आला नाही. पहिल्या वर्षी घेता आला असता. दुसऱ्या वर्षी जरा अवघड. मग रानाची वाटणी झाली, कोपी दोन झाल्या, आणि पुढं पुढं तर आपण रागावलोय की लाजलोय हेही त्याला समजेनासं झालं.

"पप्पा," हर्षाली त्याच्याजवळ येऊन बसली. नवी पैठणी, पायांत पळायचे बूट. "एक सांगू? मुलाखतीला सायबांनी मला इचारलं, गावातला एखादा तंटा मिटवलाय का म्हून."

"मग?"

"म्या म्हनले, आमच्या घरातलाच मिटना, गावातला कुठनं मिटवू?"

बजरंगानं चमकून बघितलं. "आसं सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. सगळे सायेब हसले. एक बाई हसल्या न्हाईत. त्या म्हनल्या, रुजू व्हायच्या आदी तेवढा मिटव." मग ती हळूच म्हणाली, "बाभळीतल्या शेंगदान्यावर पळलेय म्या पप्पा. आज मोठीआई इथं नसंल तर माझा सत्कार कोन करणार? शाल पांघरून घ्यायला माझं मनच लागायचं न्हाय."

बजरंगानं टोपी काढली, झटकली, परत घातली. मग तो उठला आणि बांधाकडं चालायला लागला. साठ माणसांचे हात डहाळ्यांवर थांबले.

*

तो बांधावर आला, पण आपल्याच अंगाला थांबला. पायाशी खापऱ्या. सत्यभामाबाई कोपीच्या मागच्या बाजूनं उठून आली आणि आपल्या अंगाला उभी राहिली. दोघांत हातभर बांध.

बावीस वर्षांनी ती त्याला जवळून बघत होती. केस पांढरे झालेत, हे लांबून दिसत होतं; डाव्या भुवईवरचा लहानपणी गोफणीचा दगड लागलेला व्रण अजून तसाच आहे, हे आज दिसलं. तो व्रण तिनंच चुना-हळद भरून बरा केला होता. तिला वाटलं, हा व्रण दिसला नसता तर बरं झालं असतं.

"वैनी, आंबील पायजे."

"कुनाला?"

"पांडवांना. पावन्यांना."

"आन तुला?"

"मागतो. पर आदी एक इचारू द्या. बावीस वर्सं त्येच येक डोक्यात हाय. त्या दिशी मला तेरला सांगावा का धाडला न्हाय?"

आता सत्यभामाबाईपुढं प्रश्न आला. उत्तर तिच्याकडं होतं, अगदी कालच घडल्यासारखं. सकाळी दगडोबाच्या छातीत कळ आली तेव्हा तिनं फोनकडं धाव घेतली होती, आणि त्यानंच तिचा हात धरला होता. "सत्या, आता सांगावा गेला तर सुपारी मोडंल. सुपारीच्या टायमाला थोरला भाऊ आडवा पडला म्हनल्यावर त्या पोरीला कोन करून घिईल? जल्माची पांढऱ्या पायाची म्हनतील. टिळा लागू दे. मग सांग." दुपारपर्यंत तो राहिला नाही. तिनं शब्द पाळला. नंतर सांगायला गेली असती तर नव्या नवरीवर गावानं तोच शिक्का मारला असता. म्हणून गप्प बसली.

पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. पहिली काही वर्षं ती सिताबाईसाठी गप्प होती; पुढची सगळी वर्षं आपल्या तोऱ्यासाठी. ज्याला मी भरवलं, त्यानं माझ्यावर सातबाऱ्याचा आळ घ्यावा, आणि मी त्याला साक्षीपुरावे द्यावेत? मरेपर्यंत देणार नाही. ह्या हट्टाची तिला चव लागली होती, आंबट गोष्टीची लागते तशी.

तिनं मान वर केली. बजरंगाच्या मागं, खाली मान घालून सिताबाई उभी होती. तिच्या मागं तेरचे भाऊ, गुरुजी, साठ माणसं. शेजारी पैठणीतली पोर, डोळे मोठे करून उभी.

"चूक झाली माजी," सत्यभामाबाई म्हणाली. "मला सुचलं न्हाय."

मागं कृष्णराजच्या हातातला हळदीचा डबा खाली पडला. "चूक झाली" हे शब्द आईच्या तोंडून त्यानं जन्मात ऐकले नव्हते.

हेच वाक्य ऐकायला बजरंग इतकी वर्षं थांबला होता. ते आलं, आणि त्याला आनंद झाला नाही. "सुचलं न्हाय? तुमाला?" तो हळू आवाजात म्हणाला. "गायीला कळ लागायच्या आदी तुमाला सुचतं. माज्या तापाचं मला कळायच्या आदी तुमाला कळायचं. वैनी, तुमी काय लपीवताय?"

"काय न्हाय. सुचलं न्हाय म्हनले ना? घागर आन, आंबील घिऊन जा."

"आक्का खोटं बोलत्यात."

सगळ्यांनी वळून बघितलं. सिताबाई पुढं आली होती.

"सिता, गप ऱ्हा," सत्यभामाबाई चटकन म्हणाली. "तुला काय ठावं हाय?"

"समदं ठावं हाय. हर्षाली पोटात व्हती तवा बलभीम आप्पाच्या म्हातारीनं पापड लाटताना सांगितलं मला." मग ती नवऱ्याकडं वळली. "तुमाला सांगावा आण्णांनीच धाडू दिला न्हाय. माजी सुपारी मोडंल म्हून. मला पांढऱ्या पायाची म्हनतील म्हून. आक्कांनी सबूद पाळला, आन तुमचा आळ बी अंगावर घेतला. अन म्या... म्या ठावं आसून गप बसले. पोटात पोर व्हती. मला भ्याव वाटलं, तुमी बी मला तसंच म्हनाल म्हून. मग दरसाली म्हनायचे, औंदा सांगीन. औंदा सांगीन. येकवीस वर्सं झाली."

शिवारात एवढी शांतता झाली की लांबच्या रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज ऐकू आला.

बजरंग मटकन खाली बसला, खापऱ्यांतच. त्यानं बलभीमाकडं बघितलं. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "व्हय रं. म्या व्हतो उशाला. तुज्या वैनीनं मला गळ्याची आन घातली व्हती. आज तिचीच जाऊ बोलली, आता माजी बी सुटली."

आणि मग, असल्या वेळी कुठंतरी एक तोंड असतंच, पाहुण्यांतली एक मावशी शेजारणीच्या कानात कुजबुजली, "म्हंजी पायगुन खराच व्हता की बाई."

कुजबूज होती, पण शांततेत सगळ्यांना गेली. सिताबाईचा चेहरा पांढरा पडला. एकवीस वर्षं ह्याच एका वाक्याला ती भीत होती.

सत्यभामाबाईनं कासोटा खोचला आणि बांध चढली. बावीस वर्षांनी उजेडी, सगळ्यांदेखत तिचा पाय बांधाला लागला, आणि हे तिच्याही लक्षात आलं नाही.

"कोन बोललं त्ये? म्होरं या." कुणी पुढं आलं नाही. "पायगुन? माज्या मालकाचं काळीज सुजलं व्हतं, डॉक्टरनं म्हैन्याचा सोबती सांगितला व्हता, तवा ही पोरगी आमच्या सपनात बी न्हवती! आन पायगुनच बघायचा तर नीट बघा." तिनं सिताबाईचं मनगट धरून तिला आपल्या शेजारी बांधावर उभी केली. "हिच्या पायानं वाघोल्याच्या घरात फौजदार आली. फौजदार! हाय का तुमच्या कुनाच्या घरात? आसंल तर बोला, न्हाय तर माजी आंबील प्या आन गप जेवा."

आधी तेरचे भाऊ हसले, मग गुरुजींनी टाळी वाजवली, आणि मग सगळं रान वाजायला लागलं. हर्षाली पैठणी सावरत पळत आली आणि दोघींच्या गळ्यात पडली. ती मावशी भज्जीत तोंड घालून बसली.

बजरंग अजून खाली बसला होता. त्यानं हात पुढं करून सत्यभामाबाईच्या पायांना लावले. "वैनी, मला माफ करा."

टाळ्या थांबल्या.

"बजा," ती म्हणाली. हे नावही बावीस वर्षांनी. "माफ केलं म्हनायला माजी जीब आजून वळत न्हाय. खोटं कशाला बोलू? सातबारा दिसला म्हनलास तू मला. माज्या मालकाच्या पिंडापुडं. त्यो सबूद रोज सकाळी माज्याबरूबर उठतो. उद्या बी उठंल."

बजरंगानं मान हलवली. त्याला हेच खरं वाटलं, मघाच्या "चूक झाली"पेक्षा कितीतरी खरं.

"पर आंबील वाढायला जीब लागत न्हाय. माग."

"मला आंबील वाढा, वैनी," बजरंग म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याचा हुंदका त्यानं लपवला नाही. "मला भूक लागलीया."

कृष्णराजनं मडकं उचलून बांधावर आणलं. आधी दोन्ही कोपींतल्या पांडवांभोवती आंबील शिंपडली. "ओलगे ओलगे सालम पोलगे" असा येळवशीचा घोष करत पाच फेरे झाले, आणि पोरं मोठ्यांच्या वर ओरडली. मग सत्यभामाबाईनं लोटी भरून दिराच्या हातात दिली. त्यानं डोळे मिटून एका दमात संपवली. मिशांना पांढरी कड आली. सगळे बघत होते.

"काय?" तिनं विचारलं.

"लसूण जास्त पडलाय."

"मेल्या!" सत्यभामाबाई हसली, इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "सात वर्साचा व्हता तवापासनं हेच! बावीस वर्सांनी आला आन आदी खोड काढली!"

"आजून वाढा," बजरंग लोटी पुढं करत म्हणाला.

सिताबाई बाजूला उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. सत्यभामाबाईनं दुसरी लोटी भरली ती तिच्या हातात दिली. "आन तू. येकवीस वर्सं पोटात ठिवलंस. मला येकदा तरी म्हनायचं व्हतंस गं."

"तुमी तरी कुटं म्हनलात, आक्का?"

सत्यभामाबाई हसली. तिनं लोटीत आणखी आंबील ओतली.

*

जेवणं झाली. हर्षालीला शाल मोठीआईनं पांघरली, आणि नारळ देताना तिच्या कानात सांगितलं की चोराला मारशील तर खुशाल मार, पण आधी त्याचं ऐकून घे.

ऊन कलल्यावर बजरंगानं एका पळसाच्या पानावर एक उंडा, थोडी भज्जी आणि वाटीभर आंबील घेतली आणि मडकं फुटलं होतं त्या जागी बांधावर नेऊन ठेवली. कुणी विचारलं नाही कशासाठी. तो हात जोडून उभा राहिला. मग म्हणाला, "आण्णा, उशीर झाला."

तो पुरता वळला पण नव्हता. बाभळीवरून एक कावळा उतरला, पानाच्या काठावर बसला, मान तिरकी करून त्यानं सगळ्यांकडं बघितलं आणि उंड्यात चोच घातली.

"शिवला!" बलभीम ओरडला. काठी टाकून दोन्ही हात वर केले त्यानं. "आरं शिवला! शिवला!"

कृष्णराज शिकलेला, आणि जरा अती शिकलेला. तो म्हणाला, "आप्पा, रानात कावळे लई हायेत. सकाळपासनं जोंधळ्यावर टपून..."

"कृष्णा," सत्यभामाबाई म्हणाली, "गप बस. शिवला म्हन."

"शिवला," कृष्णराज म्हणाला. बाप गेला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. नदीवर ऊन डोक्यावर येईपर्यंत तो आभाळाकडं बघत उभा होता.

दिवस मावळायला आला तसा हेंडगा पेटवला. कडब्याचा तो जळता भारा हातात घेऊन रानाच्या कडेनं पळत फिरायचं, म्हणजे रोगराई, किडामुंगी रानाबाहेर जाते. कृष्णराज पुढं, मागं हर्षाली, मागं पोराटोरांची ओरड. उगवतीची कड झाली, वरची कड झाली, आणि बांधापाशी आल्यावर कृष्णराजचे पाय सवयीनं वळले. बावीस वर्षं हेंडगा तिथूनच वळत होता.

"वळतूस कुटं?" सत्यभामाबाईचा आवाज आला. "म्होरं पळ की!"

कृष्णराज थांबला. त्यानं बांधाकडं बघितलं, मग उडी मारून पलीकडं गेला आणि हेंडगा बजरंगाच्या हातात दिला.

बजरंग पळाला. हरभऱ्याच्या कडेनं, ओढ्याच्या कडेनं, मावळतीच्या कोपीपाठून. ठिणग्या उडत होत्या, पोरं ओरडत होती, सिताबाई हात उंचावून हसत होती. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, आणि पोट येळवशीच्या जेवणानं भरलेलं. कृष्णराजचे सहा धरून आठव्या एकराला त्याला धाप लागली.

"पप्पा, द्या हिकडं!" हर्षाली त्याच्या बरोबरीनं पळत म्हणाली.

"न्हाय!" बजरंग धापा टाकत म्हणाला, आणि हेंडगा आणखी उंच धरला. "आजून चार एकर ऱ्हायलेत."